बांगडी विलायतेला जाऊन आली

समजा, तुम्ही कारंज्याच्या एका जिनात, कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्यासमोर बसला आहात. पुढ्यात कापसाचा ढीग आणि समोर गरगर फिरणारे दोन चामडी रूळ. त्यांच्या फटीशी मूठ मूठ कापूस नेऊन सोडायचा. रूळ रुई पलीकडं ओढतात, सरकी खाली गळते. हात जरा जास्त जवळ गेला तर रूळ कापूस आणि बोट यांत भेदभाव करत नाहीत, आणि लांब राहिला तर मुकादम ओरडतो. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत एवढंच काम. जमेल?

ताजबीला अकरा हंगाम जमलं होतं. तिची दहाही बोटं शाबूत होती आणि त्याचा तिला भारी तोरा होता. "सरकारनं इनाम द्यायले पायजे मले," असं ती हात नाचवून सांगायची. शेजारच्या रेच्यावरच्या रुख्मिणीला असला तोरा मिरवता येत नव्हता, कारण तिची नऊच होती. मागच्या हंगामात, सत्तावीस सालच्या थंडीत, तिचं एक बोट रुळात गेलं. तेव्हापासून ताजबीनं एकच धोशा लावला होता: रुळांपुढं लाकडाची आडफळी ठोका, म्हणजे हात फटीपर्यंत पोचणारच नाही.

मॅनेजर मदनसिंग माणूस वाईट नव्हता, पण त्याचं उत्तर ठरलेलं असे. "पाहू, ताजबी."

"साल झालं, तुमी पाहूनच राह्यले भाऊ," चौथ्या खेपेला ताजबी म्हणाली. "डोये नाई दुखत तुमचे?"

बाया हसल्या. मदनसिंगही हसला. फळी मात्र आली नाही.

मग संक्रांत दोन दिवसांवर आली असताना विलायतेहून कागद आला. ताजबीच्या भूगोलात मूर्तिजापूर संपलं की लगेच विलायत लागायची, म्हणून तिला नवल वाटलं नाही. पण मदनसिंगला घाम फुटला. दाबून बांधलेल्या रुईच्या प्रत्येक गठाणीवर जिनाची खूण आणि नंबर रंगवलेला असतो. त्या नंबरावरून तिकडच्या गिरणीवाल्यानं नेमकं कारंजं हुडकून काढलं होतं. गठाणीत हिरव्या काचेचा तुकडा निघाला, यंत्र बिघडलं, पुन्हा असं झालं तर तुमचा माल बंद.

हिरवी काच म्हणजे बांगडी, हे सांगायला विलायतेचा साहेब लागत नव्हता. कापूस लावताना मनगट रुळाला घासलं की बांगडी फुटायचीच. मदनसिंगनं हुकूम काढला: उद्यापासून बांगड्या घालून कोणी आत यायचं नाही.

"नवरा जित्ता असतानी बांगड्या कायले उतरवू?" रुख्मिणी रडायला लागली. पण न उतरवाव्या तर ऐन हंगामात घरी बसावं लागणार होतं.

ताजबीचा नवरा चांदही घरी धडधाकट चिलीम ओढत बसलेला. ती म्हणाली, "उतरवू ना. पण लपूनछपून नाई. मॅनेजरच्या घरावरून जाऊ."

दुसऱ्या दिवशी, भोगीच्या सकाळी, चाळीस बाया बोडक्या मनगटांनी, मान खाली घालून त्या गल्लीतून निघाल्या. मदनसिंगची बायको गोमतीबाई दारात सडा घालत होती. आदल्याच दिवशी तिनं नवा चुडा भरला होता. तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"अवं, कोन गेलं वं गावात?"

"कोनी नाई गेलं, बाई," ताजबी पडक्या आवाजात म्हणाली. "तुमच्या सायबाचा हुकूम हाये. चाळीस नवरे जित्तेच हायेत अजून. पुढचं अल्ला जाने."

गोमतीबाईनं तांब्या ठेवला आणि ती घरात गेली. आत काय बोलणं झालं ते कळलं नाही; भांड्यांचा आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत आला. मदनसिंग उपाशीपोटीच जिनात आला आणि त्यानं जगदेव सुताराला बोलावणं धाडलं. चार दिवसांत सगळ्या रेच्यांपुढं आडफळ्या बसल्या. ताजबीनं सांगितल्या होत्या, अगदी तशाच; आता बोटही रुळापर्यंत पोचेना आणि बांगडीही.

"बांगड्या घाला आता," मदनसिंग जिनाच्या दारातून म्हणाला. "झालं ना मनासारखं?"

"झालं, भाऊ. सुखी राहा."

ताजबीनं पदराच्या गाठीतल्या बांगड्या हातात चढवल्या आणि नव्या फळीवरून हात फिरवला. मग तिचं लक्ष रुख्मिणीच्या नऊ बोटांकडं गेलं.

"काचेचा कागद आला. तुह्या बोटाचा काहून नाई आला वं? तेबी रेच्यातूनच गेलं ना?"

"रगताची रुई मुकादमानं तवाच येचून फेकली, मावशी," रुख्मिणी म्हणाली. "गठाण साफ गेली."

ताजबीनं उचललेला कापूस परत ढिगात टाकला. मुकादम ओरडला, तिनं ऐकलं नाही. मदनसिंग अजून दारातच उभा होता, त्याला तिनं विचारलं,

"भाऊ, गठाण साफ गेली, तर बोट गेलं हे तिकडच्या सायबाले समजावं कसं?"