तिसरा खांब आणि वकीलकाकूंची पैज

आमच्या इमारतीत वकीलकाकूंबद्दल एक बातमी कायम ताजी असते: त्यांनी आयुष्यात एकही खटला जिंकलेला नाही. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर ती अगदी खालच्या पट्टीत सांगतात, "वकील आहेत हो, पण... असो," आणि त्या 'असो'वर चष्मा पुसतात. ते 'असो' मला चष्म्यासकट हुबेहूब जमतं.

बातमी साफ खोटी आहे. काकूंनी बारा वर्षं कोर्टात काढली आणि भरपूर खटले जिंकले. शेवटचा एका बोगद्याचा होता. निकाल बाजूने लागला, अभिनंदनाचे फोन आले, आणि बोगदा पुढची सात वर्षं अर्धाच राहिला. काकू म्हणतात, जिंकले मी आणि घर मिळालं वटवाघळांना. तेव्हापासून त्या कोर्टाची पायरी चढल्या नाहीत. आता मोठं बांधकाम रखडलं की दोन्ही बाजू मिळून त्यांना बोलावतात आणि त्या दोघांना एका टेबलाशी बसवतात.

नदीवरचा पूल असाच अडकला होता. तिसऱ्या खांबाच्या पायात खडकाऐवजी चिखल निघाला. कंत्राटदार म्हणे, नवे नकाशे वेळेवर दिले नाहीत. रस्तेखातं म्हणे, तुम्ही आधी नीट तपासलं नाही. दीड वर्ष नुसती पत्रापत्री. माझे बाबा त्या पुलावर क्रेन चालवतात, म्हणजे दीड वर्ष ते उभ्या क्रेनला तेलपाणी करत होते. शेवटी त्यांनी दूरच्या एका बंदरावर तीन वर्षांचं काम धरलं. पंधरा तारखेला निघायचं ठरलं, आणि मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. घरात मी सगळ्यांच्या आवाजात बोलायचे, बाबांशी मात्र माझ्याही नाही.

काकूंनी दोन्ही बाजूंना आधीच सांगून टाकलं होतं की क्रेनवाला आपला शेजारी आहे. कुणाची हरकत नव्हती, म्हणून चिखल कधी दिसला हे सांगायला बाबांनाही बैठकीला बोलावलं. ते घरी आले आणि आईला सगळं सांगत बसले. मी वहीत डोकं खुपसून कान तिकडे लावले.

काकूंचा एकच नियम. आपलं रडगाणं गायचं नाही, समोरच्याचं म्हणणं त्याला सांगायचं, आणि तो "हो, हेच" म्हणेपर्यंत पुढे सरकायचं नाही. कंत्राटदाराचा मॅनेजर उठला आणि खात्याच्या साहेबांसारखं नाकात बोलायला लागला. सगळे हसले, साहेब सोडून. काकू शांतपणे म्हणाल्या, "नक्कल नको. म्हणणं सांगा." मॅनेजरला पाच वेळा सांगावं लागलं. पाचव्यांदा तो साहेबांच्या वतीने म्हणाला, नकाशावर सही माझी असते, उद्या खांब खचला तर लोक माझ्या घरी येतील. साहेबांनी नकाशा स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, हो, हेच. त्यानंतर दोघं एकच नकाशा घेऊन खांबापर्यंत चालत गेले.

दुसऱ्या दिवशी काकू जिन्यात भेटल्या. पूल सुरू होणार का, बाबा राहतील का, मी खोदून खोदून विचारलं. बैठकीतलं एक अक्षर त्यांच्या तोंडून फुटेना. मग मी फुशारकी मारली, की पाच वेळा कशाला लागतात, मला पहिल्या दमात जमलं असतं. काकूंनी हातातल्या नकाशांच्या गुंडाळ्या भिंतीला टेकवल्या.

"असं? मग तुझ्या बाबांचं म्हणणं त्यांना सांगून दाखव, रेडिओ. पहिल्या दमात. हरलीस तर महिनाभर या गुंडाळ्या वर न्यायच्या."

मला रेडिओ म्हणतात त्या. मी पैज लावली.

संध्याकाळी बाबांसमोर उभी राहिले. आधी त्यांच्यासारखा घसा खाकरून म्हणाले, बंदरावरचं काम मोठं आहे. बाबांनी मान हलवली, नाही. मला कंटाळा आलाय तुमचा? नाही. मला फिरायचंय? नाही. मग खाकरणं संपलं आणि माझा स्वतःचाच आवाज निघाला, तोही जरा फाटका.

"मला जायचं नाहीये. पण बंद क्रेनमध्ये दिवसभर बसून घरी आलं की तुमच्याकडे बघायची लाज वाटते."

बाबांनी चप्पल काढता काढता एक पाय तसाच ठेवला. "हो," ते म्हणाले. "हेच." त्या रात्री जेवताना मी त्यांच्याशी इतकं बोलले की आईने शेवटी मला पाणी दिलं.

अकरा तारखेला दोन्ही बाजूंनी मिळून पाया आणखी खोल न्यायचं ठरवलं आणि क्रेनला बोलावणं आलं. बाबांनी बंदरावर फोन करून माफी मागितली. निघायची बॅग माळ्यावर गेली. काकूंचे मी नीट आभारही मानू शकले नाही. त्यांनी माझ्या हातात गुंडाळ्याच ठेवल्या.

चार मजले, रोज. काल मास्तरांनी अडवलं, काय गं, वकीलबाई खटला जिंकल्या वाटतं?

खटला नाही, मी म्हणाले, पैज. माझ्याशी.