नावाभोवतीची कोरडी जागा

"चोरलेली होडी कोनी अशी सगल्यांसमोर न्हाऊ घालतो का गो?"

पाचूबंदरच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या दोघींपैकी एक दुसरीला म्हणाली. मी आणि आमचे हवालदार त्यांच्या पाठीमागून चाललो होतो. खाकी दिसली तशा दोघी बोंबलांवर वाकल्या.

ती सकाळ अजून माझ्या मनातून गेलेली नाही. नव्वदीच्या दशकाची अखेर होती. वसईत उपनिरीक्षक म्हणून माझी ती पहिलीच नेमणूक. शाळा कॉन्व्हेंटची, पदवी कॉमर्सची आणि स्वभाव मुळातच अबोल. ठाण्यात मी रोजच्या बैठकीत तोंड उघडत नसे. हवालदार मला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे 'म्यूट' म्हणत. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

खबर आदल्या दिवशी संध्याकाळी आली होती. जुन्या होड्या घेऊन विकणारा एक दलाल ठाण्यात आला. बंदरावरच्या एका नाखव्याने कुणाची तरी होडी चोरून आणली आहे, रंगरंगोटी करून तो ती विकायच्या बेतात आहे, असा त्याने जबाब दिला. साहेबांनी गुन्हा दाखल करून घेतला आणि तपास माझ्याकडे दिला. "होडी जप्त करून आवारात आणा. माणसालाही आणा. बाकीचं नंतर बघू," ते म्हणाले.

होडी सापडायला वेळ लागला नाही. किनाऱ्यावर मधोमध, लाकडी ओंडक्यांवर चढवलेली होती. पन्नाशीचा नाखवा फडक्याने तिला माशाचं तेल चोपडत होता. वास असा होता की हवालदारांनी रुमाल काढला.

"होडी कुणाची?" हवालदारांनी विचारलं.

"माजी नाय."

"मग तेल कुणाच्या बापाचं लावतोस?"

"तेल माजं हाय," तो म्हणाला.

पावसाळा सरताना समुद्रात वाहत आलेली ही होडी दिसली, आत कोणी नव्हतं, दोर तुटलेला होता, म्हणून ओढून आणली, एवढंच तो सांगत होता. पोलिसांना का कळवलं नाहीस, यावर मात्र खाली बघत राहिला. गप्प राहणाऱ्या माणसाला चोर समजायची घाई आम्ही सगळेच करतो. खरं तर त्या बाबतीत मी तरी सावध असायला हवं होतं. त्याला अटक झाली, स्टेशन डायरीत नोंद झाली, खिशातल्या वस्तू काढून घेतल्या. गळ्यातला क्रूसही नियमाप्रमाणे काढावा लागला. तो त्याने स्वतःच काढून माझ्या हातात दिला.

दुपारी मी त्याला समोर बसवलं. मारझोड मला जमत नव्हती आणि हवी तर नव्हतीच.

"कळवलं का नाही?" मी पुन्हा विचारलं.

त्याने खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. आमच्या आवारात बदामाच्या झाडाखाली जप्त केलेला मुद्देमाल पडलेला असे. वेली चढलेल्या स्कूटर, एक हातगाडी, आणि कुठल्या तरी जुन्या गुन्ह्यातली एक होडी. तिच्या फळ्या उन्हाने सुटल्या होत्या आणि आत एक कुत्री पिल्लं घालून बसली होती.

"ती बगितली मी, बाय. लाकडाला पानी मिललं नाय तं ते फाटतं. तुमाला होडी दिली असती तं मालकाला काय मिललं असतं? सरपन."

हवालदार हसले. मला हसू आलं नाही. कळवायला हवं होतं, ही त्याची चूक होतीच. पण ती चूक चोराची वाटेना.

होडी आवारात आणायला वाहन मिळालं नव्हतं, ती किनाऱ्यावरच होती. पंचनाम्यासाठी आम्ही पंच घेऊन पुन्हा बंदरावर गेलो. होडीजवळ त्याची बायको उभी होती. खाडीच्या पाण्याची बादली भरून ती होडीवर ओतत होती. कपाळावरून घाम निथळत होता. आम्हाला पाहूनही तिचा हात थांबला नाही.

"याच होडीपायी नवरा आत आहे, आणि तुम्ही हिलाच पाणी घालता?" हवालदार म्हणाले.

"तो सांगून गेलाय, ऊन चढलं का पानी घाल म्हनून." तिने बादली खाली ठेवली. "नि होडीचा काय गुना? गुना तं आमचा झाला. उद्या मी पापडी गावच्या बाजारात टोपली घेऊन बसली तं चोराच्या बायकोकडशी कोन मासली घेनार? आमच्या धंद्यात मासली मागून इकते, तोंड आदी."

मी होडीभोवती फिरले. सकाळी मला वाटलं होतं की तेल लावायचं काम अर्धवट राहिलंय. आता नीट पाहिलं. सगळी होडी तेलाने काळी चमकत होती, फक्त नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, दोन्ही बाजूंना एकेक चौकोन कोरडा होता. त्या चौकोनात झिजलेली चार-पाच अक्षरं आणि खाली एक पिवळं रंगवलेलं फूल. तेलाच्या कडा इतक्या सरळ होत्या की हात जपून फिरवल्याशिवाय तसं होणं शक्य नव्हतं.

"हे का सोडलं?" मी विचारलं. तिला उद्देशून बोललेलं ते माझं पहिलं वाक्य.

"त्यावर तेल लावलं तं फूल काळं पडल. मंग मालक आला तं वलखल कसा?" माझ्या प्रश्नाचं तिला नवल वाटलं. "उत्तरेला जानाऱ्या सगल्या होड्यांना सांगून ठेवलंय, पिवल्या फुलाची होडी आमच्याकडे हाय म्हनून. चर्चमदी मिसा संपल्यावर फादरनी दोनदा सांगितलं."

सांभाळलेली होडी आणि लपवलेली होडी यांतला फरक त्या कोरड्या चौकोनात होता. चोर आधी नाव पुसतो. यांनी बाकी सगळं झाकलं, तेवढं नाव सोडून.

संध्याकाळी दलालाला पुरवणी जबाबासाठी बोलावलं. मी त्याला एकच प्रश्न विचारला, या होडीबद्दल तुम्हाला कसं कळलं? आणि पेन हातात धरून गप्प बसले. ही काही शिकलेली युक्ती नव्हती, पुढे काय बोलावं हे मला खरोखरच सुचत नव्हतं. पण गप्प माणसासमोर दुसऱ्याला चैन पडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

"बंदरावर सगळेच बोलतात, मॅडम," तो म्हणाला.

मी गप्प.

"फळ्या सागाच्या आहेत हो. आतून अजून दहा वर्षं काही होत नाही त्यांना."

मी गप्पच.

"मी तर भाव पण चांगला देत होतो. तर म्हणे, माझी नाही तर विकू कशी? एवढा कुठला संत लागून गेला तो?"

हवालदारांचा चहाचा कप तोंडाशीच थांबला. दलालाच्याही लक्षात आलं, पण वाक्य सुटून गेलं होतं. मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. बाकीचं त्याने आपणहून सांगितलं. होडी जप्त झाली, मालक आला नाही, की पुढे कधीतरी लिलाव होणार. तेव्हा ती त्याला स्वस्तात मिळणार होती.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मनात सगळं तयार होतं. बाहेर फक्त "सर, ते होडीचं..." एवढंच आलं. साहेबांनी माझे कागद शांतपणे वाचले आणि माझ्याकडे सरकवले. "तपास तुमचा आहे. उद्या कोर्टात तुम्हीच सांगा. मी नाही बोलणार तुमच्या वतीने."

मी घरी जाऊन कॉलेजचं व्यापारी कायद्याचं पुस्तक काढलं. परीक्षेसाठी त्यातल्या व्याख्या मी इंग्रजीत घोकल्या होत्या. जे आपलं नाही ते विकता येत नाही. सापडलेली वस्तू ताब्यात घेतली, तर ती आपल्या वस्तूइतकीच जपावी लागते आणि मालकाचा शोध घ्यावा लागतो. त्या धड्यांवर मला चांगले गुण मिळाले होते. पण त्या धड्यांप्रमाणे वागणारी माणसं तेलाचा वास घेऊन समोर येतील, असं कधी वाटलं नव्हतं.

आता स्वेच्छानिवृत्तीनंतर कधीमधी कॉमर्सची मुलं भेटतात. व्यवसायातली नीतिमत्ता हा विषय त्यांना रटाळ वाटतो. मी त्यांना हीच गोष्ट सांगते. कायदा तुमचा हेतू शोधतो, आणि हेतू माणसाच्या बोलण्यात क्वचित सापडतो. त्याने काय झाकलं आणि काय उघडं ठेवलं, यात तो दिसतो. दलालाकडे भाव होता, शब्द होते. नाखव्याकडे एक बादली होती.

होडीचा मालक पुढे काही दिवसांनी आला. आम्ही किनाऱ्यावरच्या ठाण्यांना बिनतारी संदेश पाठवले होते, पण त्याच्यापर्यंत बातमी पोचली ती मासेमारीच्या होड्यांवरून. डहाणूकडचा तरुण होता. ते फूल त्याच्या बहिणीने रंगवलं होतं. त्याने फुलावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. नाखव्याने त्याच्याकडून फक्त तेलाचा खर्च घेतला. चोरी झालीच नसल्याचा अहवाल आम्ही कोर्टात पाठवला, दलालावर खोट्या खबरीची कारवाई झाली, आणि नाखवीण पापडीच्या बाजारात आपल्या जागेवर बसत राहिली. मी तिच्याकडूनच मासळी घेत असे. भाव ती मला इतरांसारखाच लावी.

पण हे सगळं नंतरचं. अटकेच्या दुसऱ्या दिवशी वसईच्या कोर्टात नाखवा मान खाली घालून उभा होता. त्याची बायको मागच्या बाकावर होती, पदराला तेलाचे डाग. आमच्या बाजूने कोठडीची आणि होडीच्या ताब्याची मागणी होणार, असं सगळे धरून चालले होते. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "तपास अधिकाऱ्यांचं काय म्हणणं आहे?"

मी उठले. मागून हवालदारांचा श्वास ऐकू येत होता.

"सर, कोठडीची गरज नाही," मी म्हणाले, आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. "यांनी ही होडी चोरलेली नाही, यांना ती सापडलेली आहे. मालक येईपर्यंत ती यांच्याकडेच राहू द्यावी. आमच्या आवारात तिला पाणी घालणारं कोणी नाही."