हैदराबादचा गो-कार्ट ट्रॅक: वळणामागची भिंत

धाकटी बहीण केतकी लग्नानंतर हैदराबादेत गो-कार्टच्या शर्यतींत उतरायला लागली. "ताई, एकदा बघायला ये," हे टुमणं कधीचंच चालू होतं. शेवटी गेले. पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघाले, सकाळी नामपल्लीला उतरले, रिक्षाने विद्यानगर गाठलं. तिच्या नवऱ्याने, श्रीकांतने, कोपऱ्यावरून गरम पेसरट्टू आणले होते. मुगाचे डोसे, सोबत आल्याची चटणी. हैदराबादेत न्याहारीला हेच खा.

ट्रॅक शहराबाहेर, रिंग रोडपलीकडे. बस तिथवर जात नाही. टॅक्सी करा आणि परतीचीही आधीच ठरवून ठेवा. शनिवारी सराव होता, शर्यत रविवारी. प्रेक्षकांना मांडव, थंड पाणी, फोटोसाठी सजवलेली चौकट, सगळं चकाचक.

लांबलचक सरळ पट्टा आणि त्याच्या शेवटी एकदम काटकोनातलं वळण. तिथे केतकीची कार्ट घसरली. पुढे टायरांची एकच ओळ होती, तीही सुटी. टायर बाजूला उडाले आणि कार्ट मागच्या सिमेंटच्या भिंतीवर आदळली. कार्टमध्ये पाय सगळ्यात पुढे असतात. तिचा घोटा मोडला.

रविवारी श्रीकांत दवाखान्यात थांबला. मी केतकीचं सामान आणायला ट्रॅकवर गेले. त्याने बजावलं होतं, "ताई, भांडू नक्को. तिथं कोणी ऐकत नाही."

मॅनेजर म्हणाला, "मॅडम की गलती है. ब्रेक लेट मारे."

मी त्या वळणापर्यंत चालत गेले. भिंतीवर निळे, पिवळे, लाल ओरखडे होते. केतकीची कार्ट पांढरी. म्हणजे बाकीच्यांचीही चूकच?

मागोमाग आलेल्या मॅनेजरला विचारलं, "भिंत इतकी जवळ का?"

"पीछे पार्किंग है ना, मॅडम."

माझं डोकं फिरलं. गाडी घसरली तर तिला थांबायला जी मोकळी जागा हवी, ती यांनी गाड्या उभ्या करायला दिली होती. शर्यतीत माणूस चुकणारच. ती चूक एका घसरणीवर निभावते की हाड मोडतं, हे ट्रॅक आखणारा ठरवतो.

लावण्या नावाची एक स्पर्धक शेजारी उभी राहून ऐकत होती. तिने हेल्मेट काढलं. "टायर बांधे बगैर मैं नहीं चलाती." हळूहळू बाकीचेही कार्टमधून उतरले.

मांडव भरलेला, प्रेक्षक ओरडायला लागलेले. मग मॅनेजरला जाग आली. माणसं पळाली, टायरांच्या दोन ओळी एकमेकींना दोरखंडाने बांधल्या, वेग कमी व्हावा म्हणून वळणाआधी शंकू मांडले. दुपारी शर्यत झाली. त्याच वळणावर एकजण घसरला, टायरांत रुतला आणि कपडे झटकत उठला.

ते बघून मला बरं वाटायला हवं होतं. उलट संताप वाढला. इतकंच तर करायचं होतं. शुक्रवारी केलं असतं तर?

पुण्याला येऊनही तो संताप उतरलेला नाही. केतकी प्लास्टरमध्ये आहे आणि पाय बरा झाला की पुन्हा शर्यतीत उतरणार म्हणते. मी अडवणार नाही. तुम्हीही जरूर जा, चालवा, पण आधी ट्रॅक पायी फिरून बघा.

काल श्रीकांत ट्रॅकवर जाऊन आला. त्याला फोनवर विचारलं, तर म्हणाला, "शंकू उचलले, ताई. दोरखंड पण सोडले. पार्किंग मात्र फुल आहे."