पाटीला हात

कोलशेतजवळच्या खाडीतल्या बेटावर आम्ही फिरायला गेलेलो. टेकडी बुटकीच, पण अर्ध्यावर मला धाप लागली. मुलगा म्हणाला, "अण्णा, तुम्ही इथंच बसा." मी कसला बसतोय! तो चिडून पुढं गेला.

मागून काकड्यांची पाटी घेऊन एक बाई आली. "बाबा, उतरवायला हात लावा ना, मान दुखली." पाटी उतरवली. ती बसली, मग मीपण टेकलो. उठताना पाटी चढवून दिली. प्रत्येक वळणावर हेच.

वर मुलगा थक्क. ती म्हणाली, "बाबा होते म्हणून मी चढले." इतक्यात गिऱ्हाईकानं हाक मारली, तशी तिनं पाटी एकटीनंच झटक्यात डोक्यावर घेतली.

मुलानं ते बघितलं नाही. मी बघितलं.