पाणी सुटलं

पाणी खडकावर चढलं व्हतं, माझ्या गुडघ्याएवढं, आन पोरगी जागेवर न्हाई. तिचा तांब्या बी न्हाई. मी हाक मारली का न्हाई, आठवत न्हाई. धुनं वाहून चाललं व्हतं, तेच बघत उभी राहिले.

मीच तिला तिथं बसवलं व्हतं.

नदीच्या खडकात खड्डे हायत. बंधाऱ्याचं पाणी बंद झालं की त्यात बोटाएवढी मासुळी ऱ्हाती. मी धुनं धुवायची, पोरगी खड्ड्यात बघत बसायची. एका पिल्लाची शेपटी फाटकी. पोरीनं ते तांब्यात धरून शेजारच्या खड्ड्यात टाकलं. मग पाणी आलं, सगळं बुडालं, उतरलं, तर फाटकी परत आपल्याच खड्ड्यात! पोरगी लई हासली. "आई, तिला तिचं घर ठाऊक हाय."

त्या दिवशी काठावरून कुनीतरी वरडलं, "पाणी सुटलंऽऽ!" माझं माहेर मुदखेडचं. तिथं पाणी सुटलं म्हंजी नळाचं. पोरीला म्हनलं, "हितंच बस, हलू नको, घागर लावून आले." आन पळाले.

घरी नळ कोरडा. सासू म्हनली, "नळ कालच आलता की गं येडे. बंधाऱ्याचं सुटलं असंल. पोरगी कुटंय?"

तशीच माघारी पळाले, तर हे असं.

मग काठावर दिसली. शेळ्या राखनाऱ्या म्हातारीच्या काखेत. तीच वरडली व्हती. पोरगी तिला बोचकारत व्हती, "सोड! आई म्हनली हलू नको!"

म्हातारी म्हनली, "माय, छातीला पाणी लागलं तरी उठंना. वढून काढली. धर, तुझं येडं तुझ्यापाशी."

मी धरली. रडू आलं न्हाई. अजून बी आलं न्हाई.

पाणी उतरल्यावर पोरीनं मला वढत नेलं. फाटकी तिच्या खड्ड्यात व्हती. "बघ आई, ती बी हलली न्हाई."

धुनं तर तिथंच धुवायचं. आज गेलो, तर बोचकं टेकवायच्या आत तिनं इचारलं, "आई, कुटं बसू?" बस म्हनलं तर ही पाण्यात बी बसून ऱ्हाती. पळ म्हनलं तर खडक निसरडा, पलीकडं डोह.

तुमी काय म्हनला असता तिला?