चटईपलीकडचा जावई

आमच्या मालनताईच्या घरात शिरलेला माणूस उपाशी बाहेर पडलाय असं कधी झालं नाही. दगडूभाऊजी खोपटच्या एसटी डेपोत ड्रायव्हर होते. ड्युटी संपली की ते आधी स्टँडभोवती दोन चकरा मारायचे, म्हणजे पोटात जरा जागा व्हावी. कुरिअरवाला, गॅसवाला, मीटर बघायला येणारा, सगळे तिच्याकडे काहीतरी खाऊन जातात. एकदा कुणीतरी पत्ता चुकून भलत्यांच्याच लग्नाची पत्रिका घेऊन आले, ते नवरानवरीचं नाव सांगायच्या आत थालीपीठ खायला लागले होते.

माझी सख्खी थोरली बहीण आहे म्हणून मला एक गोष्ट सांगायला हरकत नाही. वाढताना तिचा हात चालतो तसं तोंडही चालतं. हाताने वाढलेलं पचतं. तोंडाने वाढलेलं सगळ्यांना पचतंच असं नाही.

मागच्या अधिक महिन्यात, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, तिने लेकीला आणि जावयाला धोंडे खायला बोलावलेलं. नीरजा तिची एकुलती एक लेक. जावई केदार, डोंबिवलीचा, मितभाषी, इंजिनिअर. त्या वेळी त्याची माजिवड्याची नोकरी जाऊन बरेच महिने झालेले. रोज कुठेतरी मुलाखतीला जायचा आणि हात हलवत यायचा. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, ताईलाही. तरी पुरणाचा धोंडा त्याच्या ताटात ठेवता ठेवता ती म्हणाली, "खा हो पोटभर. आता काय, ऑफिसची घाई नाही आणि डबाही न्यायचा नाही."

ती हसली. भाऊजीही हसले. केदारने ताटावर आडवा हात धरला आणि म्हणाला, पोट भरलं. मी शेजारीच बसलेले. त्याच्या ताटातला धोंडा नुसता मोडलेला होता.

त्या दिवसापासून केदारने ताईच्या हातचा घास सोडला. भांडण नाही, अबोला नाही. दिवाळीला यायचा, वाकून नमस्कार करायचा, पाणी प्यायचा, आणि पोट भरलंय म्हणायचा. ताईच्या घरी कुणी नुसतं पाणी पिऊन उठणं म्हणजे काय, ते तुम्हाला आता कळलंच असेल. मग त्याला सोलरच्या कामावर चांगली नोकरी लागली ती पार सहाराच्या वाळवंटात, अल्जीरिया देशाच्या टोकाला जानेत नावाचं गाव आहे तिथे. पाठोपाठ नीरजाही गेली.

यंदा अधिक महिना आला तसं ताईने जाहीर केलं की जावयाला अनारशांचं वाण द्यायला ती जानेतला जाणार. भाऊजी म्हणाले, बत्तासे पाठव, हलके असतात. ताई म्हणाली, बत्तासे दुकानदाराच्या हातचे, त्यात माझं काय? भाऊजींना सोबत यायला सांगितलं तर ते म्हणाले की आयुष्यभर मी दुसऱ्यांना पोचवलं, आता मला कुणी कुठे पोचवू नका. मग मला टिटवाळ्याहून उचलण्यात आलं.

मोठी अडचण खसखशीची झाली. वाटेत जिथे विमान बदलायचं होतं तिथे खसखस चालत नाही, सापडली तर आत टाकतात, असं नीरजाने फोनवर बजावून सांगितलं. खसखशीशिवाय अनारसा म्हणजे ताईला कुंकवाशिवाय कपाळ वाटत होतं. शेवटी स्टीलच्या डब्यात अनारशाचं पीठ, बरणीत साजूक तूप आणि मनात धाकधूक घेऊन आम्ही निघालो. मी निघण्याआधी गणपतीला जाऊन आले. काय मागितलं ते सांगत नाही, पण त्यात खसखस नव्हती.

तीन विमानं बदलून आम्ही उतरलो. सगळीकडे पिवळी वाळू, काळे उभे डोंगर, आणि मधेच खजुरांची हिरवी रांग. हे तुआरेग लोकांचं गाव. तिथे बायका मोकळ्या चेहऱ्याने फिरतात आणि पुरुष डोळ्यांपर्यंत फेटा गुंडाळून. आमच्याकडच्या कैक पुरुषांना हे शोभून दिसेल, असं ताई माझ्या कानात म्हणाली.

तेवढ्यात एक पांढऱ्या फेट्यातला माणूस येऊन तिच्या पाया पडला. ताई दचकून मागे सरकली. नुसते डोळे दिसत होते, त्यावर चष्मा होता, त्यावरून केदार ओळखू आला. ताईने विमानातच पिशवीच्या तोंडाशी काढून ठेवलेला गूळपापडीचा तुकडा पुढे केला. केदारने फेटा आणखी वर ओढला.

"आई, तुमचा आग्रह कळतो हो मला," तो म्हणाला. "पण इथे जावई सासूसमोर तोंड उघडं टाकत नाही. खाणं तर सोडाच. मला चार लोकांत राहायचंय. लोक काय म्हणतील?"

'लोक काय म्हणतील' हे वाक्य ताईचं. ते तिने नीरजाला लहानपणापासून दिवसातून चार वेळा तरी ऐकवलेलं. ते असं परदेशात, विमानतळावर, जावयाच्या फेट्यातून बाहेर येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिने गूळपापडी स्वतःच खाल्ली.

पुढचे दिवस दोघांचा खेळ चालला. नीरजाने केलं की केदार ताट घेऊन गच्चीवर जायचा. ताईने केलं की तो आपल्या गाडीच्या ड्रायव्हरकडे, मूसाकडे, जेवून आलेला असायचा. ताईने भरल्या वांग्यांचा वास गच्चीपर्यंत जाईल असा फोडणीचा घाट घातला. केदार खाली आला, मान खाली घालून, फेट्याच्या आतून वास छान आलाय म्हणाला, आणि परत वर गेला. मला हसू आवरेना. नीरजाला मात्र हसू येत नव्हतं. ती म्हणाली, मावशी, तीन वर्षं मी दोघांच्या मधे उभी आहे गं, दोन्हीकडे पोट भरलंय म्हणून सांगत.

एका दुपारी मी माळ घेऊन जप करत बसले होते. अधिक महिन्यात मी रोज करते. ताई शेजारी येऊन बसली आणि गुडघे चोळायला लागली.

"बायजे, हा महिना संपत आला," ती म्हणाली. "पुढचा अधिक तीन वर्षांनी. हे गुडघे तेव्हा मला इथवर आणतील का? त्याने माझ्या हातचा घास सोडलाय गं. तो मी तसाच ठेवून मरू?"

मी जप तिच्या नावाने पुढे चालू ठेवला.

त्याच संध्याकाळी, शेजारीच राहणाऱ्या मूसाच्या सासूने आम्हाला चहाला बोलावलं. तिचं नाव फाती. उंच, ठसठशीत बाई, हातात चांदीची जाड कडी, आणि घरात शब्द तिचाच. नीरजाने सांगितलं की या लोकांत घर बाईचं असतं. ताईने आजूबाजूला अशा नजरेने पाहिलं की आता खोपटच्या घराचे कागद पुन्हा बघावे लागणार.

चहा लहान ग्लासातून, उंचावरून धार धरून फेस आणलेला. तीन ग्लास झाल्याशिवाय उठायचं नाही. पहिला इतका कडू की ताईने माझ्याकडे पाहिलं. दुसरा जरा बरा. तिसऱ्याला तिने ग्लासावर हात आडवा धरला तर फातीने तो हात उचलून बाजूला ठेवला आणि ओतला. ताईला अशी तोडीस तोड बाई जन्मात भेटली नव्हती.

तेवढ्यात मूसा आला. सासूला बघताच त्याने फेटा डोळ्यांखाली ओढला आणि अंगणात वेताची एक लांब चटई उभी केलेली होती, तिच्यामागे जाऊन बसला. ताई हळहळली की बिचारा दमून आलाय आणि उपाशी. फातीने वाडगा भरून जेवण मुलीच्या हाती चटईमागे पाठवला. थोड्या वेळाने वाडगा परत आला. फातीने तो ताईपुढे तिरका करून दाखवला. आत एक दाणाही नव्हता.

ताई वाडग्याकडे बघतच राहिली. मग नीरजाला म्हणाली, विचार तिला, हा सासूच्या हातचं खातो?

नीरजाने तिच्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमधे विचारलं. फाती आधी मोठ्याने हसली, मग बोलली, आणि नीरजाने सांगितलं, "त्या म्हणतात, समोर खात नाही, तो मान ठेवतो म्हणून. पण सासूने पाठवलेलं ताटात उरवलं, तर तो जावई कसला?"

"असं होय," ताई म्हणाली. "आमच्या केदाररावांनी मला पद्धत अर्धीच सांगितली."

मग ताई कुठेही गेली तरी जे करते तेच तिने केलं. शेजारणीकडे उसनं मागितलं. या वेळी विरजण नव्हे, चटई.

दुसऱ्या दिवशी अनारसे झाले. तिथली हवा इतकी कोरडी की डबा उघडताच पिठाच्या भेगा पडायला लागल्या. ताईने फातीच्या शेळीचं दूध शिंपडून मळलं. पहिला अनारसा तुपात हसला, म्हणजे फुटून सगळीकडे पसरला. फातीला वाटलं पदार्थच असा असतो. खसखशीच्या जागी तीळ लावले. ताई प्रत्येक अनारशाबद्दल मनातल्या मनात देवाकडे माफी मागत होती, ते तिच्या ओठांवरून दिसत होतं. तेहतीस नीट उतरले. वर काही जास्तीचे तळले, कारण फाती आणि तिची मुलगी तळणाशेजारी ठाण मांडून बसलेल्या.

संध्याकाळी केदार मूसाबरोबर घरी आला आणि दारातच थांबला. खोलीच्या मधोमध फातीची चटई उभी. अलीकडे फाती, तिची मुलगी, ताई आणि मी. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, शेजारी दिवा.

ताईने पदर सारखा केला आणि म्हणाली, बसा केदारराव, पलीकडे बसा. इथली पद्धत आहे. चार लोक आलेत, ते काय म्हणतील?

मूसा फेट्यात हसला ते खांद्यांवरून कळलं. केदार मुकाट्याने चटईमागे गेला, मूसाही गेला. नीरजाने दिव्यासकट वाण त्याला नेऊन दिलं, मग एका वाडग्यात जास्तीच्यातले अनारसे.

पलीकडून काहीच आवाज येईना. अनारसा खाल्ला की आवाज येतो, तो लपत नाही. फातीचे कान टवकारलेले. मी देवाचं नाव घेत होते. ताई चटईकडे बघत होती, वेताच्या काड्यांकडे. आणि मग बोलली, नेहमीपेक्षा खालच्या आवाजात.

"केदारराव, त्या दिवशी मी डब्याचं बोलले. हसायला बोलले. पण तुम्हाला हसायला जागा नव्हती, ते तुमचा हात ताटावर आला तेव्हा कळलं मला. तेव्हाच सांगायचं होतं. पण माणूस समोर आलं की माझ्या तोंडून भलतंच निघतं. आज मधे चटई आहे म्हणून जमतंय."

पलीकडे फेटा सोडल्यासारखी कापडाची सळसळ झाली.

"राग नव्हता हो आई," केदार म्हणाला. "पण त्यानंतर तुमच्याकडे पानावर बसायचं म्हटलं की वाटायचं, हा घास मी कमावलेला नाही. मग ती सवयच झाली. आणि सवय मोडायची कशी, ते सुचेना."

नीरजा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मग चटईमागून कुर्रर्र असा आवाज आला. लागोपाठ दुसरा.

फातीने मांडीवर थाप मारली. ताई मात्र लगेच माझ्याकडे वळून कुजबुजली, मूसा खात असेल. मी म्हटलं, अगं, दोन्हीकडून येतोय आवाज. तिचा विश्वास बसेना. उठून डोकावून बघ म्हणाली. मी अर्धी उठलेच होते, तेवढ्यात चटईच्या खालच्या फटीतून एक हात बाहेर आला. केदारचा, घड्याळ घातलेला. हातात रिकामा वाडगा, बोटांना तूप आणि तीळ.

"आई, अजून आहेत का?" चटई म्हणाली. "दोनच द्या. आणि उद्या साइटवर न्यायला डबा द्याल?"

ताईने दोन मागितल्यावर चार वाढले. तेवढ्यापुरतं तिचं तोंड बंद होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग तिने पिठाचा स्टीलचा डबा ओढला, उरलेलं पीठ ताटलीत काढलं आणि डबा घासायला घेतला, पदराने पुसून दिव्याच्या उजेडात दोनदा बघितला.

फातीला काय चाललंय ते कळेना. तिने नीरजाला विचारलं आणि ऐकून भुवया वर गेल्या. त्यांचे जावई वाडगा रिकामा करतात, पण चटईमागून पुन्हा मागत नाहीत म्हणे.

ताई डब्याचं झाकण लावत म्हणाली, "सांग त्यांना. आमचे मागतात."