डिकीतून माल्टा

कॅनडातल्या मिसिसागात आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना माझ्या नवऱ्याची कंबर धरली आणि त्याच आठवड्यात त्याच्या किचनर गावातल्या मित्राचा फोन आला. हे दोघं पुण्यात एकाच कॉलेजात होते. आता दोघंही सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि दुसऱ्याला काही म्हणजे काही प्लॅन करता येत नाही, असा दोघांचाही ठाम समज आहे.

"ग्रीसला सगळेच जातात," मित्र म्हणाला. "तेच निळे घुमट, त्याच पांढऱ्या भिंती. आपण माल्टाला जाऊ. भूमध्य समुद्र, इंग्लिश चालतं, आणि गाड्या डावीकडून."

हे ऐकून माझा नवरा कंबर विसरून उठून बसला. "डावीकडून? मग गाडी रेंटच करू. डावी बाजू माझ्या रक्तात आहे."

त्याच्या रक्ताबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं. पण पुण्यात तो चालवायचा ती स्कूटर होती. चारचाकी तो कॅनडात आल्यावर शिकला, तीही उजवीकडून आणि ऑटोमॅटिक. तरी खिडकीबाहेर नुसता पांढरा ढिगारा दिसत असताना समुद्राचं नाव काढणाऱ्या माणसाला कोण अडवणार?

उन्हाळ्यात आम्ही पाच जण निघालो. आम्ही नवरा-बायको, आमची हायस्कूलमधली मुलगी, मित्र आणि त्याची बायको, म्हणजे आता माझी मैत्रीण. त्या बाईंनी दर संध्याकाळच्या सनसेटसाठी वेगळा ड्रेस आणला होता आणि ड्रेसला जाणाऱ्या टोप्यांची एक बॅग वेगळी.

विमान खाली आलं तशी मी खिडकीला नाक लावलं. पिवळा दगड, पिवळी घरं, मधेमधे निवडुंगाचे फड, झाडांचा पत्ता नाही. मी सोलापूर जिल्ह्यातली. तोंडून निघून गेलं, "अरे, ही तर बार्शी!"

मित्राला ते फार लागलं. "बार्शीला समुद्र आहे का?" त्याने विचारलं, आणि विमान टेकेपर्यंत तो मला खिडकीतून समुद्र दाखवत राहिला.

सुट्टी सुरू झाली. मित्राच्या ऑफिसात रोज सकाळी उभ्याउभ्या एक मीटिंग होते, तशी तो आमची ब्रेकफास्टला घ्यायचा. काल काय पाहिलं, आज काय पाहायचं, रिलॅक्स होण्यात कोणाला काही अडचण आहे का? अडचण मला होती. मला समुद्रात पाय सोडून बसायचं होतं. त्यावर तो म्हणाला की ते शेवटच्या दिवशी बसवता येईल.

गाडी आली ती लहानशी, हाताने गिअर टाकायची. नवरा गिअरसाठी सवयीने उजवा हात न्यायचा आणि दर वेळी काच खाली जायची. चौकात शिरलो की मित्र फोनमध्ये बघून ओरडायचा, "लेफ्ट, लेफ्ट!" आणि मागून आमची मुलगी शांतपणे म्हणायची, "डॅड, युअर अदर लेफ्ट." नवऱ्याच्या रक्तातली डावी बाजू बहुतेक कॅनडाच्या इमिग्रेशननेच काढून घेतली असावी.

एका संध्याकाळी आम्हाला समुद्राकाठच्या उंच कड्यांवर सनसेट गाठायचा होता. मैत्रिणीने पांढराशुभ्र, पायघोळ ड्रेस घातला होता. फोनने आम्हाला जवळच्या रस्त्याने म्हणून एका गावात नेलं. गावात जत्रा होती. बाल्कन्यांवर लाल मखमली पडदे, डोक्यावर पताका, हवेत फटाक्यांच्या दारूचा वास.

"फेस्टिव्हल दिसतोय. थांबू या का?" मी म्हणाले.

"आज तो प्लॅनमध्ये नाही," मित्र म्हणाला. "पुढे डावीकडे."

नवऱ्याने गाडी डावीकडच्या गल्लीत घातली. गल्ली आधी अरुंद होती, मग आणखी अरुंद झाली. आरसे मिटले. मग दोन्ही बाजूंनी एकदम असा आवाज आला, जसा पाट्यावर वरवंटा फिरवताना येतो, आणि गाडी थांबली. दार उघडेना. डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत, बोटभर जागा नाही.

"रिव्हर्स घे," मित्र म्हणाला.

"रिव्हर्स कुठे आहे ते सापडत नाहीये," नवरा म्हणाला.

तेवढ्यात समोरच्या वळणावरून बँड आला. खरोखरचा बँड! पितळी वाद्यं, ढोल, इस्त्रीचे गणवेश, आणि मागे अख्खं गाव. आम्हाला बघून पहिली रांग थबकली, दुसरी पहिलीवर आदळली आणि एका मोठ्या भोंग्यातून म्हशीसारखा आवाज निघाला.

आमच्या बॉनेटजवळचं एक दार उघडलं आणि घरातल्या सपाता घातलेली एक म्हातारी बाहेर आली. तिने तिची खरवडलेली भिंत पाहिली, मग आमच्याकडे पाहिलं आणि हात कमरेवर ठेवून म्हणाली, "मेला!"

नवरा दचकला. "ही मला मेला का म्हणतेय?"

म्हातारी बँडमास्तरकडे वळून काहीतरी बोलली. त्यातही दोनदा मेला होता. बँडमास्तर म्हणाला, "मेला, मेला." पुढे कळलं की तिथे हा शब्द 'बरं तर मग' अशा अर्थाने उठताबसता वापरतात. पण त्या क्षणी अख्खं गाव माझ्या नवऱ्याला अस्सल मराठीत शिव्या घालतंय असं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यात काही चुकीचं दिसत नव्हतं.

म्हातारीने इंग्रजीत हुकूम सोडला, "एव्हरीबडी आउट. फ्रॉम द बॅक."

पुढचं मी जन्मात विसरणार नाही. मुलीने मागच्या सीटवरून हात घालून डिकी उघडली आणि टुणकन बाहेर उडी मारली. तिच्यामागे मी, साष्टांग नमस्कार घालत. मग पांढऱ्या ड्रेससकट मैत्रीण, टोपी दातात धरून. शेवटी मित्र, सीटांच्या मधून सरपटत, फोन वर धरून. तो अर्धा बाहेर आला असताना फोन म्हणाला, "सरळ जा." मागूनही तोवर माणसं गोळा झाली होती. प्रत्येक माणूस बाहेर पडला की टाळ्या वाजत होत्या.

नवरा तेवढा स्टिअरिंगशी उरला. गावातल्या तगड्या गड्यांनी मागे-पुढे हात लावले, गाडी गदागदा हलवली आणि उलटी ढकलायला सुरुवात केली. ते बराच वेळ चाललं. बँडमास्तरने घड्याळ पाहिलं, मान हलवली आणि हात वर केला. बँड वाजायला लागला. पुढे आमची गाडी उलटी चाललेली, तिच्या नाकासमोर बँड, वरच्या बाल्कन्यांतून पोरीबाळी रंगीत कागदांचे तुकडे उधळतायत, आणि काचेमागे माझा नवरा, ताठ, समोर बघत. आमच्या लग्नात त्याने घोड्यावर बसायला साफ नकार दिला होता. वरात त्याला इथे मिळाली.

चर्चसमोरच्या चौकात गाडी सुटली. मी म्हातारीकडे जाऊन भिंतीबद्दल सॉरी म्हणाले. तिने हाताने ते उडवून लावलं. भिंतीवरच्या जुन्या ओरखड्यांकडे बोट दाखवत ती म्हणाली, "जर्मन. इंग्लिश. इटालियन. यू?"

"कॅनडा," मी म्हणाले.

"मेला! कॅनडा इज न्यू," ती खुश होऊन म्हणाली आणि आम्हाला दारात खुर्च्या टाकून दिल्या. मग गरम, खुसखुशीत, वाटाणा भरलेली पेस्ट्री आली. मटार-करंजीची सख्खी बहीण. मैत्रीण ड्रेसला डिकीत लागलेला काळा डाग विसरून तीन खाऊन बसली. मुलगी, जी आठवडाभर 'अदर लेफ्ट'पलीकडे फारसं काही बोलली नव्हती, म्हातारीच्या नातीबरोबर पताकांखाली नाचत होती.

"सनसेट गेला," मित्र घड्याळ बघत म्हणाला. मी त्याच्या हातात एक पेस्ट्री ठेवली.

दुसऱ्या दिवशी गाडी परत केली. 'इंजिनचा आवाज बरोबर येत नाही' असं कारण नवऱ्याने दिलं. नंतर आम्ही बसने हिंडलो. तो ड्रायव्हरच्या मागे उभा राहून, हा माणूस डावीकडून किती सफाईने चालवतो याचं आम्हाला वर्णन ऐकवायचा. मला समुद्रही मिळाला, दोन दिवस, सकाळी. प्लॅन कोलमडल्यावर तो जागच्या जागी निघाला, हॉटेलच्या मागेच.

मिसिसागाला परतल्यावर महिन्याभरात चार घरी जेवणं झाली आणि चारही ठिकाणी नवऱ्याने ही गोष्ट सांगितली. दर वेळी गल्ली थोडी अरुंद होते आणि बँड थोडा मोठा. परवाच्या जेवणात तर गावाने त्याला मिरवणुकीत मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मी भाताचं भांडं पुढे केलं आणि ऐकत राहिले. सांगताना तो इतका आनंदात होता की गावकरी त्याला कुठल्या दिशेला नेत होते, हे मी कोणालाच सांगितलं नाही.